शाळांच्या बसेस गेल्यावर

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात दुपारी साडेतीनच्या सुमाराला शिट्ट्या वाजायला लागतात. "जोड्या करा, जोड्या करा," म्हणत बाई पुढून मागे आणि मागून पुढे फिरतात, डोकी मोजली जातात, कुणाचा डबा राहिलेला असतो, कुणाची टोपी. मग एकेक बस फाटकातून बाहेर पडते. चार वाजेपर्यंत आवारातला गलका ओसरतो आणि उरतात ती घरची मंडळी. कडेवर बाळ घेतलेल्या आया, नातवंडांना घेऊन आलेले आजी-आजोबा, सुट्टी टाकून आलेला एखादा बाप. केंद्र सहा वाजता बंद होतं. मधले हे दोन तास मला मुंबईतल्या मुलांच्या दृष्टीनं फार मोलाचे वाटतात.

शाळेच्या सहलीला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. चाळीस मुलं सांभाळत दोन बाईंनी पाचशेहून अधिक उपकरणं दाखवायची, सगळ्यांना सुखरूप परत न्यायचं, हे सोपं काम नाही. आणि असंख्य मुलं इथे येतात ती शाळा आणते म्हणूनच. पण त्या गर्दीत एका मुलाच्या वाट्याला एक उपकरण किती वेळ येतं? मागचा ढकलत असतो, पुढचा सोडत नसतो. तेवढ्यात एकदा बटण दाबलं की पुढे सरकायचं. कितीतरी मुलं उपकरणाला हात लावायच्या ऐवजी शेजारच्या फलकावरचा मजकूर वहीत उतरवून घेत असतात, कारण उद्या वर्गात निबंध लिहायचा आहे. संध्याकाळी असं काही नसतं. एकाच खुर्चीत मुलानं अर्धा तास घालवला तरी कुणाचं काही अडत नाही.

तर अशाच एका डिसेंबरातल्या संध्याकाळी मी दोन्ही मुलांना घेऊन गेले. थोरली तिसरीत आहे, धाकटा मोठ्या शिशुवर्गात. पूर्वी महालक्ष्मीला उतरून टॅक्सी केली, तर टॅक्सीवाला हमखास नेहरू तारांगणापाशी नेऊन उभी करायचा. नावात 'नेहरू' आणि पत्ता वरळी, एवढ्यावर दोन्ही ठिकाणं एकच समजणारे अजूनही पुष्कळ आहेत. आता भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025पासून थेट कफ परेडपर्यंत धावते आणि तिचं एक स्थानकच विज्ञान केंद्राच्या नावाचं आहे. लहान मुलं बरोबर असलेल्या माणसाला ही केवढी सोय आहे, ते दोन पिशव्या, एक छत्री आणि एक झोपाळू पोर घेऊन महालक्ष्मीचा पूल चढलेल्यालाच कळेल.

आत इमारतीत पुष्कळ काही आहे, पण आम्ही आधी बाहेरच्या विज्ञान उद्यानात थांबलो. उघड्यावर, झाडांमध्ये मांडलेली ही उपकरणं. दोरी ओढून स्वतःला वर उचलून घ्यायच्या खुर्च्या तिथे आहेत. खुर्चीला बांधलेली दोरी वरच्या कप्प्यांवरून फिरून पुन्हा आपल्याच हातात येते. कुठल्या खुर्चीला कप्प्या कमी, कुठल्या खुर्चीला जास्त.

धाकटा आधी कमी कप्प्यांच्या खुर्चीत बसला. जोर लावला, चेहरा लालबुंद झाला, खुर्ची जागची हलली नाही. मग तो जास्त कप्प्यांच्या खुर्चीत गेला आणि हळूहळू वर जायला लागला. आधी खूश झाला, थोड्या वेळानं कुरकुरला. "आई, दोरी संपतच नाही!" खरंच, त्याच्या मांडीवर दोरीचं वेटोळं साठत चाललं होतं आणि खुर्ची मात्र जेमतेम वीतभर वर गेली होती. थोरली त्या वेटोळ्याकडे बघत उभी होती. मग ती काही न बोलता पहिल्या खुर्चीत जाऊन बसली, दात-ओठ खाऊन चार-पाच हिसके दिले आणि वर गेली. खाली उतरून तळहात चोळत म्हणाली, "ह्याच्यात दोरी कमी लागते, पण हात दुखतात." पुन्हा दुसऱ्या खुर्चीत बसली, पुन्हा पहिल्या. आणि मग मला विचारलं, "म्हणजे फुकट कुठलीच नाही?"

कप्प्यांचा सगळा नियम या प्रश्नात आला. ओझं दोरीच्या जितक्या पदरांत वाटलं जातं, तितका ओढायचा जोर कमी होतो आणि तितकीच जास्त दोरी ओढावी लागते. एकाच कप्पीवरून दोरी घेऊन आपण स्वतःलाच उचललं, तर निम्मं वजन खुर्चीची दोरी पेलते आणि निम्मं आपला हात. हातभर वर जायचं तर दोन हात दोरी आपल्या मुठीतून जाते. जोर वाचतो, काम वाचत नाही. हे फलकावर लिहिलेलं असतंच. पण तो फलक आधी मोठ्यानं वाचून दाखवला असता, तर तिनं "बरं" म्हटलं असतं आणि पुढे निघून गेली असती. तळहात दुखल्यावर तिला जे विचारावंसं वाटलं, ते विचारायची गरजच उरली नसती.

शेजारी एक आजोबा नातवाला घेऊन उभे होते. सत्तरीच्या पुढचे, पांढरा सदरा, पायात चपला. ते मुलांची ही ये-जा बराच वेळ बघत होते. मग नातवाला म्हणाले, "ही आपली चेनपुलीच रे." मी विचारलं तेव्हा कळलं, ते लोअर परळच्या एका गिरणीत फिटरच्या हाताखाली होते. जड मोटर जागेवरून उचलायची असली की वरच्या गर्डरला चेनपुली लावायची. "दोन माणसांत अख्खी मोटर वर यायची. पण साखळी ओढून ओढून हात भरून यायचे. वीतभर उचलायची तर साखळीचा ढीग पडायचा खाली." त्यांनी दोन्ही हातांनी साखळी ओढायची नक्कल करून दाखवली, एक हात वर, एक खाली, अगदी लयीत. नातू तोवर दुसरीकडेच बघत होता. आजोबांचे हात तसे हलताना पाहून तो पहिल्यांदा नीट त्यांच्याकडे वळला. "आजोबा, तुम्ही मोटर उचलायचात?" असं त्यानं विचारलं तेव्हा आजोबांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते बघायला मी पुन्हा तिथे जाईन.

18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर आजोबा कामावर परत गेलेच नाहीत. पुढे भाजीची गाडी, मग एका सोसायटीत पहारा. या रस्त्यावरून त्यांचं जाणं-येणं कायमचं, इमारत उभी राहतानाही त्यांनी पाहिलेली. आत मात्र कधी आले नव्हते. का, असं विचारल्यावर म्हणाले, "शिकलेल्यांचं असेल वाटायचं. आपल्याला कोण आत घेणार?" या खेपेला नातवानं हट्ट धरला म्हणून आले होते.

त्यांच्या या वाक्यापाशी मी अजून अडकलेली आहे. कारण ही जागा ज्या विचारातून उभी राहिली, तो विचार नेमका उलटा होता.

वस्तुसंग्रहालय म्हणजे काचेची कपाटं आणि 'हात लावू नये' ही पाटी, ही रीत फार जुनी. तिला छेद देणाऱ्यांत म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमचं नाव आधी घ्यावं लागतं. ऑस्कर फॉन मिलर या विद्युत अभियंत्यानं 1903मध्ये त्याची स्थापना केली, इझार नदीतल्या बेटावरची त्याची इमारत 1925मध्ये खुली झाली. यंत्रं नुसती ठेवायची नाहीत, ती चालती दाखवायची आणि जमेल तिथे बघणाऱ्याला चालवू द्यायची, हा त्याचा आग्रह. पॅरिसला 1937मध्ये नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ ज्याँ पेराँ यांच्या पुढाकारानं पॅले द ला देकुव्हर्त सुरू झालं, तिथे प्रयोगच लोकांसमोर करून दाखवायचे.

आणि मग फ्रँक ओपेनहायमर. अणुबॉम्ब बनवणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख रॉबर्ट ओपेनहायमर यांचे हे धाकटे भाऊ, स्वतःही भौतिकशास्त्रज्ञ. अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून माणसं टिपली जात होती, त्या काळात, 1949मध्ये, त्यांची मिनेसोटा विद्यापीठातली नोकरी गेली. विद्यापीठांची दारं बंद झाली. कोलोरॅडोत त्यांनी गुरं पाळली, काही वर्षांनी तिथल्याच एका खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. शेतावरची मुलं, मोडक्या यंत्रांचे सुटे भाग, त्यातून शिकवणं. पुढे विद्यापीठात परत गेल्यावर त्यांनी प्रयोगांचं ग्रंथालय म्हणावं अशी खोली उभारली, विद्यार्थ्यानं हवा तेव्हा यावं आणि हवा तो प्रयोग करावा. 1965मध्ये युरोपातली विज्ञानसंग्रहालयं पाहून ते भारून गेले आणि 1969मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी एक्स्प्लोरेटोरियम सुरू केलं. संग्रहालयात कुणी नापास होत नाही, असं ते सांगायचे. शाळेतली पोरं परीक्षेच्या धाकानं कशी आखडतात, हे पाहिलेल्या माणसाचं हे म्हणणं आहे.

आपल्याकडे 1959मध्ये कोलकात्याचं बिर्ला संग्रहालय सुरू झालं. 1965मध्ये तिथूनच फिरतं विज्ञान प्रदर्शन निघालं, बसमध्ये उपकरणं बसवून खेडोपाडी नेणारं. वरळीच्या केंद्राची कल्पना साठच्या दशकाच्या शेवटची. प्रकाश आणि दृष्टी या विषयावरचं प्रदर्शन 1977मध्ये, मग 1979मध्ये, आंतरराष्ट्रीय बालक वर्षात, हे विज्ञान उद्यान. उघड्यावरचं असं उद्यान जगात पहिलंच, असं केंद्राचं सांगणं आहे. पूर्ण केंद्राचं उद्घाटन 11 नोव्हेंबर 1985ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झालं. फ्रँक ओपेनहायमर त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. इमारतीचे वास्तुरचनाकार अच्युत कानविंदे, आपल्या कोकणातल्या आचऱ्याचे. कानपूरच्या आयआयटीची रचनाही त्यांचीच. पुढे नागपूरला 1992मध्ये रामन विज्ञान केंद्र आलं, 2001मध्ये गोव्यात मिरामारला विज्ञान केंद्र झालं.

म्हणजे ही जागा शिकलेल्यांची मक्तेदारी मोडायलाच बांधलेली. अक्षर न ओळखणाऱ्या माणसालाही दोरी ओढता येते. आणि चेनपुली हातानं ओढलेल्या माणसाला इथलं एखादं उपकरण इंजिनिअरपेक्षा आधी ओळखू येतं.

उद्यानात आणखी एक जोडी आहे, समोरासमोर उभ्या केलेल्या दोन मोठ्या खोलगट तबकड्यांची. दोन्हींमध्ये चांगलं अंतर. एकीपाशी तोंड नेऊन कुजबुजायचं, दुसरीपाशी कान लावणाऱ्याला स्पष्ट ऐकू येतं. धाकट्याला एका टोकाला उभं केलं तर त्यानं आधी बोंबच ठोकली. थोरलीनं हातानं खुणा केल्या, हळू, हळू. मग तो काहीतरी पुटपुटला आणि ती तिकडून खो खो हसत सुटली. "तो म्हणतोय मला भूक लागलीये!" मधून माणसं जात-येत होती, पलीकडे रस्त्यावर सुटीच्या वेळेचे हॉर्न वाजत होते, आणि पाच वर्षांच्या पोराची भूक त्या सगळ्यातून सरळ बहिणीच्या कानात गेली होती.

मग तिनं जे केलं ते मला फार आवडलं. तिनं डोकं थोडं डावीकडे नेलं, थोडं मागे, थोडं खाली. आवाज यायचा, जायचा. भावाला "बोलत राहा" अशी खूण करून ती कानानं जागा शोधत होती. तबकडीसमोर एक नेमका बिंदू असतो, तिथून निघालेला आवाज तबकडीवर आपटून सरळ समोर जातो आणि पलीकडची तबकडी तो पुन्हा तिच्या बिंदूपाशी गोळा करते. कान त्या जागेवरून ढळला की आवाज विरला. विजापूरच्या गोलघुमटात कुजबुज ऐकलेल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल, पण तिथे आवाज गोल भिंतीला धरून धावतो, इथला प्रकार निराळा. त्या घुमटाचा आणि लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा अभ्यास सी. व्ही. रामन यांनी 1920च्या दशकाच्या आरंभी केला होता. प्रकाशातल्या ज्या शोधासाठी त्यांना नोबेल मिळालं, त्याच्याही आधी.

त्याच जागी, थोड्या वेळानं, एक कुटुंब आलं. आई, वडील, साताठ वर्षांची मुलगी आणि तिच्याहून लहान मुलगा. वडील उत्साही, हौसेनं आणलेलं दिसत होतं. ते मुलाला उचलून तबकडीपाशी घेऊन गेले आणि आवाज कसा जातो ते समजावत राहिले. मुलगी आईबरोबर पिशवी धरून उभी होती. तिला कुणी अडवलं नव्हतं, नंतर तिनंही कान लावला. पण समजावणं मुलाच्या वाट्याला आलं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या एका बालसंग्रहालयात केव्हिन क्राउली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपकरणांपाशी आलेल्या कुटुंबांचं चित्रीकरण केलं. 2001मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलं एक ते आठ वर्षांची. उपकरण कसं वापरायचं, काय दिसतंय, हे आईवडील मुलामुलींना सारखंच सांगत होते. पण असं का होतं, याचं स्पष्टीकरण मुलांच्या वाट्याला मुलींच्या तिप्पट येत होतं. आयांकडूनही आणि वडिलांकडूनही. त्यांतल्या कुणालाही विचारलं असतं, तर आम्ही भेदभाव करत नाही, हेच उत्तर आलं असतं आणि ते मनापासून आलं असतं. म्हणून तर हा आकडा अस्वस्थ करतो. विज्ञानाला मुली कमी का जातात, याचं मूळ आपण दहावीनंतर शोधतो. ते पाचव्या वर्षी, कुणाच्याही नकळत, एखाद्या उपकरणापाशी पडलेलं असू शकतं.

फलक आधी वाचून न दाखवता गप्प राहावं, असं मी वर सुचवलं. त्याचा अर्थ मुलाला एकटं सोडून मोबाइल बघत बसावं असा नव्हे. मूल करत असताना बोलू नये. त्यानं विचारलं की मात्र हातचं राखू नये, आणि मुलगी जरा उशिरा विचारते म्हणून तिची पाळी टळू देऊ नये. आपल्याला येत नसेल तर दोघांनी मिळून पुन्हा दोरी ओढून पाहावी. इतकं आईबापाला जमण्यासारखं आहे. त्याला विज्ञानाची पदवी लागत नाही.

हाताळायच्या उपकरणाची एक अडचण असते. ते झिजतं. काचेमागची तलवार दोनशे वर्षं तशीच राहते, पण रोज शेकडो पोरं ज्या दोरीला लोंबकळतात ती विरते, बेअरिंग खरखरायला लागतं, बटण आत बसतं ते वर येत नाही. म्हणून अशा केंद्राचा जीव त्याच्या कार्यशाळेत असतो. एक्स्प्लोरेटोरियममध्ये कार्यशाळा पाहुण्यांना दिसेल अशी उघडीच ठेवलेली आहे. उपकरण बनताना आणि दुरुस्त होताना बघणं हाही शिकण्याचाच भाग, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे नवं दालन सुरू झालं की फीत कापली जाते, छायाचित्रं छापून येतात. विरलेली दोरी वेळेवर बदलणाऱ्या फिटरचं छायाचित्र कुठे येत नाही. पैसे देणाऱ्यांनी, मग ते सरकार असो की कंपन्या, त्या दोरीसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवावी, असं मला फार वाटतं. बिघडलेल्या उपकरणासमोर उभं राहिलेलं मूल 'विज्ञान चालत नाही' एवढंच शिकून जातं.

आणि जी मुलं वरळीला येऊच शकत नाहीत, त्यांचं काय? फिरत्या बसेस आहेत, त्या वाढायला हव्यात. पण दुसरी वाट अरविंद गुप्तांनी दाखवली आहे. होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात 1978मध्ये आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची नळी एवढ्यावर त्यांनी भूमितीचे आकार उभे केले. पुढे पुण्यात आयुका या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बसून त्यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी केली आणि ती कशी करायची ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. ही शोधिका पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या देणगीतून उभी राहिली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. दोऱ्याचं रिकामं रीळ, सुतळी आणि दाराची कडी एवढ्यावर कप्पी होते. खुर्ची उचलणार नाही, पाण्याची बाटली नक्की उचलेल.

पावणेसहाला पहारेकरी उद्यानातून फिरायला लागला. पोरं निघायला तयार नव्हती, धाकटा तर जुन्या वाफेच्या इंजिनापाशी ठाण मांडून बसला होता. आत न पाहिलेली दालनं तशीच राहिली. फाटकाबाहेर पाचसहा जण तिकीट खिडकीपाशी हळहळत उभे होते. त्यातली एक बाई जवळच्याच कुठल्याशा दुकानात कामाला, सुटून मुलीला घेऊन धावत आलेली. "रविवारी पण दुकान असतं हो," ती म्हणाली.

मुंबईत किती आईबापांना सहाच्या आत घर गाठता येतं? बेस्टचा कंडक्टर, इस्पितळातली नर्स, मॉलमधली मुलगी, सोसायटीचा पहारेकरी. यांच्या मुलांनी विज्ञान केंद्र पाहायचं तर ते शाळेच्या रांगेतूनच. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये मुलांना रात्री मुक्कामाला ठेवून घेण्याचे कार्यक्रम कित्येक वर्षं चालत आले आहेत. आपण मुक्कामाचं नंतर बघू. आठवड्यातून एक दिवस, शनिवार म्हणा, विज्ञान केंद्रांनी रात्री नऊपर्यंत दारं उघडी ठेवून पाहावीत. सगळी दालनं नकोत. उद्यानात दिवे, दोन पहारेकरी, मुलांशी बोलणारे तीन-चार तरुण मार्गदर्शक आणि एक चहावाला, एवढ्यावर सुरुवात होईल. मार्गदर्शकांमध्ये एखादा निवृत्त फिटर घेतला तर फार उत्तम. तिकीट त्या दिवशी निम्मं ठेवावं, आणि फाटकाबाहेर मोठ्या अक्षरांत लिहावं की कुणीही यावं, शाळा शिकलेली असो वा नसो.